वाचकांचे प्रश्न : चलन वधारलं, मग आंब्याची पेटी किती स्वस्त करायची?

प्रश्न : मुलगी सिंगापूरमध्ये मार्केटिंग शिकते. तिला भारतातून आयात होणाऱ्या हापूसची किंमत ठरवण्याचा प्रकल्प मिळाला आहे. सिंगापूर डॉलर रुपयाच्या तुलनेत 5 टक्के वधारला, म्हणून तिनं किंमतही 5 टक्क्यांनी उतरवली. प्राध्यापकांनी ते चूक ठरवलं. असं का?

उत्तर : कारण पेटीच्या किमतीतला रुपयांत मोजला जाणारा भाग लहान आहे. सोयीसाठी आकडे धरू. पेटीची खरेदी 780 रुपये, म्हणजे एका सिंगापूर डॉलरला 65 रुपये या दरानं 12 डॉलर (इथले सगळे डॉलर सिंगापूरचे). विमानभाडं 8 डॉलर, पण ते अमेरिकी डॉलरशी बांधलेलं, म्हणून रुपयाच्या दरानं बदलत नाही. दुकानाचं भाडं आणि पगार पेटीमागे 14, नफा 6. एकूण 40. त्यावर 9 टक्के जीएसटी (1 जानेवारी 2024 पासूनचा दर) धरून फलकावर 43.60 डॉलर.

आता दर 68.25 झाला. खरेदी 11.43 डॉलरवर आली, वाचले 57 सेंट. ही सगळी बचत ग्राहकाला दिली तरी किंमत 42.98 होते, म्हणजे जेमतेम 1.4 टक्के कमी. 5 टक्के उतरवायचे तर उरलेला पैसा नफ्यातूनच जाणार.

ही बचत ग्राहकाला द्यावी का, हा खरा मार्केटिंगचा प्रश्न, आणि विद्यार्थी बहुतेक इथेच अडखळतात. आधी 100 पेट्या खपत होत्या असं धरा. किंमत तशीच ठेवली तर पेटीमागे 6.57 डॉलर सुटतात; उतरवली तर 6. तेवढीच कमाई हवी तर 110 पेट्या विकाव्या लागतील, असं उत्तर येतं. पण ते चुकीचं आहे. भाडं आणि पगार पेट्या वाढल्या म्हणून वाढत नाहीत. ते बाजूला ठेवले की पेटीमागे 20.57 विरुद्ध 20 उरतात आणि 103 पेट्या पुरतात. किंमत 1.4 टक्के घटल्यावर मागणी 3 टक्क्यांच्या आसपास वाढली, म्हणजे लवचिकता (किंमत 1 टक्का घटल्यावर मागणी किती टक्के वाढते ते) साधारण 2 असली, तरी भागतं. ती तपासायला आधीच्या आठवड्याशी तुलना करू नये. हंगाम पुढे सरकतो तशी मागणी आपोआप बदलते. एकाच आठवड्यात दोन दुकानांत दोन भाव ठेवून पाहावं.

जीएसटी काढताना 43.60 चे 9 टक्के घेऊ नयेत, ते 3.92 येतात. 43.60 ला 109 नं भागून 9 नं गुणा : 3.60. नोंदणीकृत आयातदाराला आयातीवर भरलेल्या जीएसटीची वजावट मिळते, म्हणून तो खर्चात धरायचा नाही.

प्रश्न : सिंगापूरची मध्यवर्ती बँक रिझर्व्ह बँकेसारखा रेपो दर जाहीर करत नाही, हे खरं का?

उत्तर : खरं आहे. मॉनेटरी अथॉरिटी ऑफ सिंगापूर 1981 पासून व्याजदराऐवजी विनिमय दर हाताळते. व्यापारी भागीदारांच्या चलनांची टोपली घेऊन तिच्या तुलनेत सिंगापूर डॉलर एका पट्ट्यात, म्हणजे वरच्या आणि खालच्या मर्यादेच्या आत, ठेवते. त्या पट्ट्याचा चढ (तो किती वेगानं वर सरकतो), रुंदी आणि मध्य ती बदलते, पण नेमके आकडे सांगत नाही. आयात-निर्यात मिळून जीडीपीच्या तिपटीच्या घरात असल्यावर महागाई मुख्यतः बंदरातून येते, म्हणून हा मार्ग. भांडवलाला मोकळी वाट आणि चलनावर पकड, दोन्ही ठेवल्यावर व्याजदर हातात राहत नाहीत. ते अमेरिकेतल्या दरांमागे जातात. मुलीनं मात्र टोपलीचा निर्देशांक वापरू नये. तिच्या पेटीसाठी रुपया-सिंगापूर डॉलर हाच दर कामाचा. टोपलीच्या तुलनेत वधारलेला असतानाही रुपयासमोर सिंगापूर डॉलर घसरू शकतो.