जुने अ‍ॅसिड काढून नवे भरल्याने बसलेली बॅटरी पुन्हा चालते का?

गाडी उभी राहिल्यामुळे आपली चार वर्षांची बॅटरी बसली आहे आणि दुकानदार जुने अ‍ॅसिड ओतून नवे भरायला सांगत आहे, तर तसे करावे का, असे आपण विचारले आहे. करू नये. याच मुद्द्यावरून माझा माझ्या साडूंशी वाद झालेला असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

साडूंची गाडी मानेवाड्याला टिनाच्या शेडखाली असते. ते उन्हाळाभर मुलाकडे पुण्याला होते आणि नागपुरात पारा पंचेचाळीसच्या वर असताना बॅटरी तिथेच तापत पडली. उष्णतेने बॅटरी आपोआप लवकर उतरते, आणि उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक बसतात. मी बुचे काढून टॉर्चच्या उजेडात पाहिले, तेव्हा पाणी प्लेटांच्या खाली गेले होते आणि उघड्या पडलेल्या कडांवर पांढुरका थर होता. डिस्टिल्ड वॉटर टाकून, थोडा चार्ज देऊन ते मिसळू दिल्यावर हायड्रोमीटर (अ‍ॅसिडचा दाटपणा मोजायची नळी) लावला, तर सहाही सेलची म्हणजे बॅटरीतल्या कप्प्यांची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत अ‍ॅसिडचा दाटपणा) १.१५ च्या आसपास, म्हणजे सारखीच खाली होती. हे चांगले लक्षण होय. एखादाच सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५ ने खाली असता, तर मी बॅटरी भंगारात द्यायला सांगितले असते.

ग्रॅव्हिटी उतरते म्हणजे अ‍ॅसिड उडून जात नाही. उडते ते पाणी, आणि अ‍ॅसिडचा अंश सल्फेट होऊन प्लेटांतच बसलेला असतो. चार्ज दिला की तो पुन्हा पाण्यात येतो. म्हणूनच एक-दोन अँपिअरवर, घाई न करता, ग्रॅव्हिटी चढायची थांबेपर्यंत चार्ज द्यावा, असे माझे म्हणणे होते. साडूंना तेवढा धीर नव्हता. दुकानात बॅटरी उलटी करून अ‍ॅसिड ओतले गेले, तेव्हा तळाशी बसलेली तपकिरी मळी हलून प्लेटांच्या फटींत गेली. गाडी सुरू झाली आणि साडूंनी मला आवर्जून फोनही केला. पण दिवाळीपूर्वीच एक सेल शॉर्ट झाला. माझ्या स्वतःच्या गाडीची तशीच बसलेली बॅटरी मात्र मंद चार्जवर १.२५ पर्यंत आली आणि अजून चालते आहे. तिची पूर्वीची सगळी ताकद परत आली, असा माझा दावा नाही.

हे सारे बुचे उघडणाऱ्या बॅटरीपुरते आहे. सीलबंद बॅटरी फोडू नये. प्लेटांचा मसाला, म्हणजे वीज साठवणारा लेपच झडला असेल, तर कोणताही चार्ज उपयोगी पडत नाही. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, म्हणून खोली मोकळी ठेवावी, ठिणगी टाळावी आणि डोळ्यांना चष्मा लावावा. गाडी सुरू असताना टर्मिनलवर १३.८ ते १४.४ व्होल्ट येत नसतील, तर दोष आधी अल्टरनेटरमध्ये, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या भागात शोधावा.

दुकानदाराने भेसळीचे अ‍ॅसिड भरल्यामुळे बॅटरी गेली, असे साडू आजही म्हणतात. पाण्याची भेसळ असती तर ग्रॅव्हिटी खाली यायला हवी होती. त्यांच्या चांगल्या सेलमध्ये मात्र प्लेटांतले जुने अ‍ॅसिड नव्यात मिसळून ती १.३० च्या वर, म्हणजे हवी त्यापेक्षा जास्त गेली होती, आणि याचे उत्तर त्यांनी मला अजून दिलेले नाही.