कृत्रिम झडप असलेल्या वडिलांना तीन आठवडे ताप आहे, टू-डी एको नॉर्मल आला, म्हणजे झडपेला इन्फेक्शन नाही ना?

नाही, एका नॉर्मल टू-डी एकोवरून एंडोकार्डायटिस (हृदयाच्या झडपांचं आणि आतल्या अस्तराचं इन्फेक्शन) नाही असं अजिबात समजू नका. हा छातीवरून करतात तो एको स्वतःच्या झडपेवरचं इन्फेक्शन साधारण १०० पैकी ७० जणांत पकडतो, पण कृत्रिम झडपेत जेमतेम निम्म्या, कारण झडपेची सावली पडते आणि तिच्यामागचं नीट दिसतच नाही. म्हणून टीईई, म्हणजे अन्ननलिकेत नळी घालून करतात तो एको, लवकर करायचा का ते कार्डिओलॉजिस्टना स्पष्ट विचारा, त्यात ९० च्या वर जणांत सापडतं. आणि ब्लड कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ते बघायची तपासणी) झालंय का ते आजच बघा! अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी, वेगवेगळ्या ठिकाणी टोचून, रक्ताचे कमीत कमी तीन सेट. मी मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये आहे, खरंच जीव तुटतो कारण ताप आला की जवळच्या दवाखान्यातून अँटिबायोटिकचा कोर्स होतो, ताप दोन दिवस उतरतो, परत चढतो, आणि मग कल्चरमध्ये काहीच वाढत नाही, जंतू मात्र झडपेवर तसाच. तर आधी काय काय गोळ्या झाल्या त्या चिठ्ठ्या सोबत न्या. शेवटी निदान कल्चर, एको आणि बाकीची लक्षणं जोडून ड्यूक निकषांनी, म्हणजे या आजाराच्या निदानाच्या ठरलेल्या यादीने, करतात (१९९४ चे, २०२३ मध्ये सुधारलेत, आता पेट-सीटी हे स्कॅनसुद्धा धरतात). फक्त एक, टीईई सुद्धा नॉर्मल आला आणि संशय दाट असला तर ५ ते ७ दिवसांनी परत करावा लागतो, सुरुवातीला झडपेवरची जंतूंची गाठ फार छोटी असू शकते.