तेराव्यानंतर जा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

खानापूरकडं तुझ्या गावची दोन पोरं एकाच दिवशी मलप्रभेत बुडाली, आणि ‘त्यांच्या घरी जाऊन बोलू तरी काय?’ म्हणून तू अडून बसलास. बोलायचं काही नसतं रे. काम असतं, आणि ते तेराव्यानंतर सुरू होतं.

आत्ता गल्लीतून एवढा पिठलं-भात येतोय की निम्मा वाया जातो. तेराव्यानंतर कुत्रं फिरकत नाही. म्हणून आत्ताच ठरवा: दहाव्यापर्यंत भाऊबंद, पुढं महिनाभर मंडळाची पोरं, पाळीनं. डबा देऊन दारातून वळायचं नाही, दहा मिनिटं टेकायचं. आई तेच तेच सांगेल, ऐकायचं. ‘देवाची मर्जी’ आणि ‘कसं झालं?’ हे दोन्ही तोंडातून काढायचं नाही. ‘कसं झालं’ विचारणाऱ्याला मी उंबऱ्यावरच अडवतो. तिरसट म्हणतात मला, म्हणोत! पाहुण्याच्या मानापायी त्या बाईला दिवसातून वीसदा नदीकाठी न्यायची की काय? आणि ग्रुपवर फिरणारा त्या बुडण्याचा व्हिडिओ आजच पुसायला लाव.

कागद मात्र तेराव्यासाठी थांबत नाहीत. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते. दाखल्यात नावाच्या चुका होतात. कधी आडनाव गळलेलं असतं, नाहीतर बापाचं नुसतं आद्याक्षर असतं, आणि मग बँक अर्ज परत करते. नोंदीआधीच आधारशी अक्षर न् अक्षर ताडून घे. गेलेल्या पोरांच्या पासबुकात मे-जूनच्या सुमारास २० रुपये कापलेले दिसले तर पंतप्रधान सुरक्षा विमा योजना आहे, अपघाती मृत्यूला २ लाख. ४३६ कापले असतील तर पंतप्रधान जीवनज्योती विमा, तिचे २ लाख वेगळे. सुरक्षा विम्याला पोलिसातली नोंद, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. अर्ज ३० दिवसांत टाकलेला बरा. बापाला स्टेशनात एकटं पाठवू नकोस. कन्नड नीट वाचणारा कुणीतरी बरोबर दे.

झोप उडणं, दचकून उठणं पहिले काही आठवडे चालायचंच. महिना उलटला तरी तसंच असेल तर १४४१६ ला, म्हणजे टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन लावून दे. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. ‘मलाही त्याच्याकडं जायचंय’ असं कुणी म्हणालं, तर महिन्याची वाट बघायची नाही, त्याच घटकेला फोन. आणि त्या माणसाला एकटं सोडायचं नाही.

तू तिसऱ्याचं लिहिलंच नाहीस. त्यांच्याबरोबर पाण्यात उतरला आणि वाचला, तो. त्याच्या घरी सुतक नाही म्हणून डबाही नाही, आणि वाटेत भेटेल तो ‘तू का नाही धरलंस?’ विचारत असणार. त्याच्याकडं तेराव्याची वाट बघू नकोस. आज संध्याकाळीच जा.