बारा मैलांच्या बाहेर जहाज उभं करून रेडिओ स्टेशन चालवलं तर कोण पकडणार?

तुमचा प्रश्न असा आहे की बारा मैलांच्या, म्हणजे देशाच्या सागरी हद्दीच्या, पलीकडे कुणाचाच कायदा नसतो असं मित्र म्हणतो, मग तिथे जहाज नांगरून गाणी लावली तर गुन्हा कसला, आणि ब्रिटनने साठच्या दशकात अशी जहाजं सरळ नेव्ही पाठवून उचलली का नाहीत. मी मर्चंट नेव्हीत रेडिओ ऑफिसर होतो, खलाशी ज्याला 'मार्कोनी साब' म्हणतात तो, त्यामुळे विषय आवडीचा आहे आणि उत्तर लांबणार हे आधीच सांगून ठेवतो.

तुमच्या मित्राने अर्धवट ऐकलंय. खुल्या समुद्रात किनाऱ्यावरच्या देशाचा कायदा सहसा चालत नाही हे बरोबर, पण जहाजावर जो झेंडा असतो त्या देशाचा चालतो. पनामाचा झेंडा असेल तर डेकवर पनामाचा कायदा. आता नॉर्थ सी मधे कोण गाणी वाजवतंय याच्याशी पनामाला काय घेणंदेणं? ग्यानबाची मेख इथेच आहे. परक्या झेंड्याच्या जहाजावर शांततेच्या काळात तुमची युद्धनौका चढणार असेल तर १९५८ च्या जिनिव्हा करारात त्याला मोजकीच कारणं होती, चाचेगिरी, गुलामांचा व्यापार, नाहीतर जहाज मुळात आपल्याच देशाचं असून झेंडा लपवतंय असा संशय. रेडिओ त्या यादीत नव्हता. लोक यांना पायरेट म्हणायचे खरे, पण हे कुणाला लुटत नव्हते, त्यामुळे चाचेगिरीचं कलम लागू होत नव्हतं. तसं आयटीयूच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या, रेडिओ नियमांत जहाजावरून ब्रॉडकास्टिंगला बंदी होतीच, पण ती अमलात आणायची झेंडेवाल्या देशाने, आणि त्याने कानाडोळा केला की बाकीचे बसले हात चोळत.

याचा फायदा युरोपात पहिल्यांदा घेतला तो डेन्मार्कजवळ, १९५८ मधे रेडिओ मर्क्युरने. मग स्वीडनसमोर रेडिओ नॉर्ड, हॉलंडसमोर रेडिओ व्हेरोनिका, आणि १९६४ च्या ईस्टरला रोनन ओ'राहिली नावाच्या आयरिश माणसाने इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यासमोर रेडिओ कॅरोलाइन सुरू केलं. तेव्हा ब्रिटनची हद्द तीनच मैल होती, म्हणजे सागरी मैल, साधारण साडेपाच किलोमीटर, त्यामुळे किनाऱ्यावरून जहाज दिसायचं. आणि लोक तुटून पडले कारण रेडिओवर मक्तेदारी बीबीसीची, आणि रेकॉर्ड कंपन्या नि वादकांच्या युनियनशी करार असल्यामुळे बीबीसीला दिवसात ठराविक तासच रेकॉर्ड लावता यायच्या. बीटल्सच्या काळात पोरांना हवी ती गाणी ऐकायला रात्री रेडिओ लक्झेंबर्ग पकडावं लागायचं, तेही खरखरीतून.

हे वाचून आपल्याकडच्या जुन्या लोकांना रेडिओ सिलोन आठवेलच. १९५२ मधे केसकर माहितीमंत्री असताना आकाशवाणीवर सिनेमाची गाणी बंद झाली आणि अख्खा देश कोलंबोकडे वळला, बिनाका गीतमाला मुंबईत रेकॉर्ड व्हायची आणि टेप कोलंबोला जायच्या. आपल्याला जहाजाची गरजच पडली नाही, शेजारी देशाचं लायसन्सवालं, त्यांच्याच जमिनीवरचं ट्रान्समीटर होतं, त्यामुळे कायद्याने ते चोख होतं. सरकारने शेवटी १९५७ मधे विविध भारती काढलं. ब्रिटनमधेही शेवट तसाच झाला, पण मधे बरंच रामायण झालं.

तर कायदा. जहाजाला हात लावता येत नाही, मग काय करायचं? इथे त्या लोकांचं डोकं मानलं पाहिजे. जहाजावर बसलेल्या माणसाला भाकरी लागते, पाणी लागतं, जनरेटरला डिझेल लागतं, सुट्टीवर जाणाऱ्याला न्यायला बोट लागते, आणि हे सगळं चालायला जाहिराती लागतात. यातलं काहीच समुद्रात पिकत नाही, सगळं किनाऱ्यावरून येतं, आणि किनारा तर आपलाच आहे! १९६५ च्या जानेवारीत स्ट्रासबर्गला कौन्सिल ऑफ युरोपचा करार झाला तो याच तत्त्वावर, प्रत्येक देशाने आपापल्या नागरिकांना आणि आपल्या जमिनीवरून होणाऱ्या मदतीला गुन्हा ठरवायचं. ब्रिटनने त्यावरून १९६७ चा मरीन ब्रॉडकास्टिंग ऑफेन्सेस अ‍ॅक्ट केला. तो वाचाच कधीतरी. माल पुरवणं गुन्हा, माणसं ने-आण करणं गुन्हा, ट्रान्समीटर दुरुस्त करणं गुन्हा, कार्यक्रमासाठी रेकॉर्ड देणं गुन्हा, जाहिरात देणं गुन्हा, एवढंच काय स्टेशनचं वेळापत्रक छापणंसुद्धा गुन्हा. जास्तीत जास्त दोन वर्षं कैद. जहाज संकटात असेल किंवा कुणी आजारी असेल तर मदत केलेली चालते, तेवढी माणुसकी ठेवली होती. आणि ऐकणाऱ्यावर या कायद्यात कलमच नाही, जे मला फार शहाणपणाचं वाटतं, लाखो पोरांवर खटले कोण भरणार.

कायदा लागू झाला तो १४ आणि १५ ऑगस्टमधल्या मध्यरात्री (हो, नेमकी आपलीच तारीख, वीस वर्षांनंतरची). रेडिओ लंडन नावाचं बडं स्टेशन १४ तारखेला दुपारी ३ वाजता स्वतःहून बंद झालं. कॅरोलाइनवर मात्र जॉनी वॉकर आणि रॉबी डेल हे डीजे माइकवर बसून राहिले, बारा वाजून गेले तरी प्रसारण चालूच, म्हणजे त्या क्षणापासून दोघंही गुन्हेगार. इंग्लंड-आयर्लंडमधल्या आयल ऑफ मॅन बेटाच्या संसदेने तर हा कायदा करायलाच नकार दिला, कारण कॅरोलाइनचं दुसरं जहाज त्यांच्या समोर उभं होतं आणि बेटाची फुकट जाहिरात व्हायची, शेवटी लंडनने तो वरून लादला. ३० सप्टेंबरला बीबीसीने रेडिओ वन सुरू केलं आणि पहिला डीजे कोण, तर टोनी ब्लॅकबर्न, जो आधी याच जहाजांवर होता. म्हणजे सरकारने दुकान बंद केलं आणि गल्ल्यावरचा माणूस उचलून आपल्या दुकानात बसवला.

आणि कॅरोलाइन पडली कशाने? मार्च १९६८ मधे पुरवठा करणाऱ्या डच टगबोट कंपनीची बिलं थकली म्हणून त्याच कंपनीने दोन्ही जहाजं ओढून अ‍ॅमस्टरडॅमला नेली. ना नेव्ही ना तोफा. किनाऱ्यावरून पैसा आटवला की जहाज आपोआप बंदराला लागतं, हे माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं खरं इंगित आहे आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही.

अर्थात फटी राहिल्याच. कॅरोलाइन पुढे परत सुरू झाली, हॉलंडने १९७४ ला आपला कायदा लागू करेपर्यंत रसद तिकडून यायची, मग स्पेन वगैरे. म्हणून १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या समुद्र कायद्यात खास कलम १०९ घातलं. खुल्या समुद्रावरून लोकांनी ऐकावं म्हणून आंतरराष्ट्रीय नियमांविरुद्ध केलेलं प्रसारण म्हणजे अनधिकृत, फक्त संकटाचे संदेश सोडून. आणि खटला कोण भरू शकतो? झेंड्याचा देश, माणसाचा देश, जिथे ते ऐकू येतं तो कुठलाही देश, आणि ज्याच्या अधिकृत रेडिओत व्यत्यय येतो तो देश. अटक करता येते, जहाज आणि उपकरणं जप्त करता येतात, कलम ११० मधे युद्धनौकेला चढायची परवानगीपण आहे. तुमच्या मित्राचा मुद्दा इथे कायमचा संपतो. ऑगस्ट १९८९ मधे कॅरोलाइनच्या 'रॉस रिव्हेंज' जहाजावर डच आणि ब्रिटिश अधिकारी चढले आणि ट्रान्समीटर उखडून नेला तेव्हा हा करार लागूसुद्धा झालेला नव्हता, तो १९९४ ला झाला, त्यामुळे त्या धाडीवर खूप वाद झाला. पुढे ब्रिटनने १९९० च्या कायद्यात चढायचा अधिकार स्पष्ट लिहूनच टाकला.

आता तुम्ही म्हणाल गाण्यांना एवढं काय घाबरायचं. राजकारण होतंच, नाकारत नाही, सरकारांना मक्तेदारी सोडवत नव्हती. पण रेडिओरूममधे बसलेल्याची बाजू ऐका. आमच्या केबिनमधल्या घड्याळावर लाल आणि हिरवे पट्टे असायचे, लाल म्हणजे तासाला दोनदा तीन-तीन मिनिटं, पंधरा ते अठरा आणि पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस, ५०० किलोहर्ट्झवर सगळ्यांनी गप्प बसायचं आणि कुठून क्षीण एसओएस येतोय का ऐकायचं, हिरवे तसेच २१८२ किलोहर्ट्झसाठी. हेडफोन कानाला दाबून बसावं लागतं हो. अशात जवळ कुणी दहा किलोवॅटचा ट्रान्समीटर जहाजावर कसाबसा बसवून चालवत असेल आणि ट्यूनिंग नीट नसेल तर त्याचे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतले नको असलेले सिग्नल, भलत्याच बँडवर पडतात. सगळीच स्टेशनं असं करायची असं नाही, काहींचे इंजिनिअर उत्तम होते, पण तपासणार कोण? लायसन्स नाही म्हणजे जबाबदारही कुणी नाही.

एक मुंबईकर या यादीत आहे ते बऱ्याच जणांना माहीत नसतं. एबी नेथन, जन्म इराणचा पण वाढला मुंबईत, इथेच वैमानिक झाला, मग इस्रायलला गेला आणि १९७३ पासून १९९३ पर्यंत तेल अवीवसमोर जहाजावरून 'व्हॉइस ऑफ पीस' चालवलं. इस्रायल सरकारने त्याला बाकी कारणांवरून तुरुंगात टाकलं पण स्टेशन वीस वर्षं चालू दिलं. कायदा असणं आणि तो वापरणं वेगळं.

आता मुंबईसमोर करायचं तुमच्या डोक्यात असेल तर: बारा मैलांच्या आत भारताचाच कायदा, आणि विनापरवाना ट्रान्समीटर नुसता जवळ बाळगणं हाच १९३३ च्या वायरलेस कायद्याने गुन्हा होता, आता २०२३ चा टेलिकॉम कायदा त्याची जागा घेतोय. बाहेर गेलात तरी तुम्ही भारतीय, आवाज ऐकू येणार भारतात, आणि भारताने समुद्र कराराला १९९५ ला मान्यता दिलेली, म्हणजे कोस्ट गार्डला तीन मुद्दे आयते. हौसच असेल तर हॅमची, म्हणजे हौशी रेडिओ लायसन्सची, परीक्षा द्या, पण त्यावर गाणी लावता येत नाहीत. कम्युनिटी रेडिओचं लायसन्स कॉलेज, कृषी विज्ञान केंद्र किंवा नोंदणीकृत संस्थेला मिळतं, एकट्या माणसाला नाही, तेव्हा आधी ओळखीची एखादी संस्था गाठा.