प्रत्यारोपणाआधीच आयलेट पेशी का मरतात? त्या वाचवता येतात का?

तुमच्या मुलीला टाइप १ मधुमेह आहे. दात्याच्या स्वादुपिंडातून काढलेल्या पेशी रुग्णापर्यंत पोचण्याआधीच का मरतात, असं तुम्ही विचारलंय. मी काही वर्षं परदेशात आयलेट वेगळ्या करणाऱ्या लॅबमध्ये होते, म्हणून लिहिते.

आयलेट म्हणजे स्वादुपिंडातले पेशींचे बारीक पुंजके; इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी यांच्यातच असतात. मोठ्या माणसाच्या स्वादुपिंडात ते साधारण १० लाख असतात, पण वजनाने जेमतेम १-२ टक्के. रक्त मात्र स्वादुपिंडाच्या वाट्यातलं १० टक्क्यांहून जास्त त्यांनाच लागतं. मेख इथेच आहे. रक्तवाहिन्या तुटल्या की ऑक्सिजन बंद, आणि मोठे पुंजके मधूनच मरायला लागतात. त्यात बीटा पेशींमध्ये कॅटालेजसारखी संरक्षक एन्झाइम्स फार कमी असतात, त्यामुळे त्यांना मार लवकर बसतो. म्हणूनच स्वादुपिंड काढल्यापासून बर्फात ठेवलेला प्रत्येक तास मोजला जातो.

पुढचा धोका आम्हीच निर्माण करतो, आणि तो टाळता येत नाही. स्वादुपिंडात कोलॅजिनेज (पेशींना बांधून ठेवणारे धागे विरघळवणारं एन्झाइम) भरून ते ३७ अंशाला रिकॉर्डी चेंबरमध्ये ठेवतात. हे एक स्टीलचं भांडं, आत गोट्या, आणि ते सतत हलवत राहायचं. दर थोड्या मिनिटांनी थेंबभर नमुना घेऊन त्यात डायथिझोन हा रंग टाकायचा. आयलेट लालभडक होतात, बाकीचं पिवळसरच राहतं. लाल ठिपके अजून पिवळ्यात अडकलेले दिसले तर आणखी वाट पाहायची. मोकळे झाले की त्याच क्षणी थंड द्रावण ओतून एन्झाइम विरळ करायचं. दोन-चार मिनिटं उशीर झाला की काठ झिजलेले, विस्कटलेले पुंजके दिसतात. माझ्या मते पेशी वाचवण्यात कुठल्याही औषधापेक्षा या निर्णयाचा वाटा मोठा आहे. तो चुकला की फार हळहळ वाटायची, कारण त्या पेशी कुणीतरी जाताना दिलेल्या असतात.

नंतर एक-दोन दिवस कल्चरमध्ये, म्हणजे पोषक द्रावणात, ठेवून त्यांना सावरू देतात आणि तपासण्या होतात. तरी रुग्णाच्या यकृताकडे जाणाऱ्या पोर्टल शिरेत सोडल्यावर रक्ताशी संपर्क येताच गुठळ्या आणि दाह सुरू होतो, आणि बऱ्याच आयलेट तिथेच जातात. म्हणून गुठळ्या रोखणारं हेपॅरिन आणि दाह कमी करणारी औषधं देतात.

आता मुलीबद्दल. आज ही उपचारपद्धती मुख्यतः प्रौढांसाठी आहे, आणि तीही वारंवार साखर धोकादायक उतरणाऱ्यांसाठी. अमेरिकेत जून २०२३ मध्ये लॅन्टिड्रा या दात्याच्या आयलेट पेशींच्या उपचाराला मान्यता मिळाली ती अशाच प्रौढांसाठी. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सतत घ्यावी लागतात, लहान मुलीसाठी हा सौदा मला पटत नाही. स्वीडनमध्ये उप्सालाला मात्र जनुकबदल केलेल्या दात्याच्या पेशी एका रुग्णाच्या हाताच्या स्नायूत सोडल्या आणि अशा औषधांशिवाय त्या टिकल्या. २०२५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. मात्रा लहान होती, इन्सुलिन सुटलं नाही, पण वाट दिसली. तोवर तिची रात्रीची शुगर सांभाळा, शक्य असेल तर अलार्म वाजणारा सेन्सर लावा.