साताऱ्यात रोज सायकलने कामावर जायला, घडी होणारं आणि आतून न भिजवणारं वॉटरप्रूफ जॅकेट कोणतं घ्यावं?

शाहूपुरीतून एमआयडीसीत सायकलने जाता, साध्या रेनकोटात पावसाआधी घामानेच भिजता, म्हणून गोरटेक्सचं महागडं जॅकेट घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. रोजच्या ये-जा साठी नका घेऊ. बगलेत चेन असलेलं मधल्या किमतीचं जॅकेट आणि पुढे-मागे लांब मडगार्ड, एवढ्यात काम होतं.

गोरटेक्ससारखं 'ब्रीदेबल', म्हणजे घामाची वाफ बाहेर जाऊ देणारं, कापड ती वाफ काही ओढून बाहेर टाकत नाही. आतली हवा दमट आणि बाहेरची कोरडी असेल तरच त्या फरकाने वाफ कापडातल्या पातळ पडद्यातून बाहेर सरकते. युरोपात बाहेर आठ-दहा अंश असतात, तिथे हा फरक भरपूर मिळतो. आपल्याकडे जुलैत बाहेर बावीस-चोवीस अंश आणि आर्द्रता नव्वदीच्या पुढे. बाहेरची हवाच वाफेने भरलेली, मग आतली जाणार कुठे? लेबलवर १०,००० किंवा २०,००० ग्रॅम लिहिलेलं असतं, म्हणजे एक चौरस मीटर कापडातून २४ तासांत तेवढी वाफ जाते. पण तो आकडा प्रयोगशाळेतला, वाफेला सोयीची परिस्थिती मुद्दाम तयार करून काढलेला. त्यातच वरचं कापड पाणी प्यायला लागलं की पडदा शाबूत असूनही वाफेची वाट जवळपास बंद होते. चढावर सायकलवाल्याला तासाला अर्धा-पाऊण लिटर घाम सहज येतो. तेवढा कुठलंच कापड बाहेर काढत नाही, कितीही पैसे मोजा.

म्हणून हवा खेळती ठेवणाऱ्या गोष्टी बघा. दोन्ही बगलांत लांब चेन, पाठीवर झाकणाखाली जाळी, आणि मनगटाला इलॅस्टिकऐवजी वेल्क्रो, म्हणजे चढाला बाही सैल सोडता येते. बगलेची चेन नसेल तर ते जॅकेट मी हातातसुद्धा घेत नाही.

पाणी अडवण्याचा आकडा मिलिमीटरमध्ये असतो. १०,००० म्हणजे दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब कापडाने झेलला. पावसाचा दाब त्याच्या जवळपासही जात नाही, पण खांद्यावर सॅकचे पट्टे दाबतात आणि पाणी तिथूनच झिरपतं. सॅक घेत असाल तर दहा हजार मिलिमीटरचं बघा, कॅरियरला पिशवी लावत असाल तर पाच हजार मिलिमीटरचंही चालेल. पाठ मोकळी राहिली की निम्मी उकड तशीच कमी होते, त्यामुळे मी तर कॅरियरच सुचवेन. दुकानात जॅकेट उलटं करून शिवणींवर आतून टेप आहे का ते नक्की तपासा. टेप नसेल तर लेबल काहीही म्हणो, ते विंडचीटर आहे.

तुमच्या रस्त्याचंही बघा. सकाळी पोवई नाक्याकडून हायवेकडे उतार, वारं बहुधा पाठीशी; घाम कमी आणि ऑफिसात कोरडं पोचायचं असतं. संध्याकाळी उलटं, चढ आणि पश्चिमेचा वारा पाऊस घेऊन थेट छातीवर. त्यासाठी पुढच्या चेनमागे कापडाची पट्टी हवी, नाहीतर चेनमधून पाणी शर्टावर उतरतं. परतताना थोडं भिजलात तरी घरीच जायचंय, तेव्हा चेनी बिनधास्त उघडा.

घालून बघताना दोन्ही हात हँडल धरल्यासारखे पुढे करा. पाठ उघडी पडली किंवा बाही मनगटावरून वर गेली तर ते चालण्या-फिरण्याचं जॅकेट आहे, सायकलचं नव्हे. मोठी टोपीही नको. मान वळवून मागचा ट्रक बघायला गेलं की डोळ्यांसमोर टोपीचं अस्तर येतं. हेल्मेटखाली चोच असलेली पातळ कॅप बरी. रंग पिवळा किंवा पोपटी, पाठीवर रेडियम पट्टी. झड लागली की पाचलाच अंधारतं.

स्वतःच्याच खिशात गुंडाळलं जाणारं जॅकेट खरं उपयोगी पडतं ते वळवाच्या आणि परतीच्या पावसात, सकाळी ऊन आणि सुटायच्या वेळी ढगांचा गडगडाट असतो तेव्हा. ऐन श्रावणात ते घडी घालायची वेळच येत नाही. मात्र ओलं गुंडाळून ठेवू नका. आतला थर सुटतो आणि वास मारतो तो वेगळाच. पंख्याखाली हँगरवर टांगा. धुताना साबण थोडा, खळबळून काढायचा आणि कपडे मऊ करणारं लिक्विड अजिबात नको, त्याने वरचं पाणी झटकणारं लेपन मरतं. पावसाचे थेंब कापडावरून ओघळून न जाता मुरायला लागले की लेबलवर परवानगी असेल तर वरून सुती कापड ठेवून अगदी मंद इस्त्री फिरवा, लेपन बरंच परत येतं. त्यानेही नाही आलं तर त्याचा स्प्रे मिळतो.

पायांसाठी रेनपँटच्या भानगडीत पडू नका, पॅडल मारताना आत भट्टी होते. हाफ पँट आणि सँडल घालून जा, पँट-बूट प्लास्टिकच्या पिशवीत. खालून उडणारा चिखल मडगार्ड बघून घेतील. पुढच्या मडगार्डला रबरी फ्लॅप मात्र आठवणीने लावून घ्या.