फॉर्ममधला तो रकाना

प्रिय मित्रा,

पत्र मिळालं. हिंमत धर, जग इतकं वाईट नाही, असलं काही मी लिहिणार नाही. ते तुला तुरुंगात असताना बरेच जण ऐकवून गेले असतील. तुझा प्रश्न एवढाच आहे, की अर्जात त्या अडीच वर्षांच्या जागी काय लिहायचं. तुझा दोस्त म्हणतो, 'मामाचा धंदा सांभाळत होतो' असं ठोकून दे.

नको. खोटं लिहू नकोस.

नीतीचे पाठ देत नाहीये, व्यवहाराचंच बोलतोय. पडताळणी आज ना उद्या होते, आणि तेव्हा तुला काढतात ते जुन्या गुन्ह्यासाठी नाही, अर्जातल्या थापेसाठी. शिवाय त्या मामाच्या धंद्याला रोज नवं ठिगळ लावावं लागतं. जेवणाच्या सुट्टीत कोणी सहज विचारतो, कसला धंदा, कुठे, बंद का केला? घास घशात अडकतो.

मात्र प्रश्न नीट वाच. अटक झाली होती का, गुन्हा दाखल आहे का, शिक्षा झाली आहे का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. जे विचारलंय त्याचंच उत्तर दे. ब्रिटनमध्ये १९७४ च्या कायद्यानुसार ठरावीक काळ उलटला की अनेक शिक्षा बहुतेक नोकऱ्यांसाठी सांगाव्याच लागत नाहीत. तुला कोणता नियम लागू होतो ते एखाद्या वकिलाला विचार. कायदा गप्प बसू देत असेल तर खुशाल गप्प बस. पण खोटं नको.

नकार येतील. डेव्हा पेजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेतल्या मिलवॉकीत सारख्याच पात्रतेच्या तरुणांना नोकऱ्या मागायला पाठवलं होतं. अर्जात तुरुंगवास दाखवला की गोऱ्या तरुणांना येणारी बोलावणी ३४ टक्क्यांवरून १७ वर आली, काळ्यांना येणारी १४ वरून ५ वर. निष्कर्ष २००३ साली छापून आले. गंमत नाही, तो तुरुंगवास निव्वळ कागदावरचा होता! माणसं तीच, बदलली ती नोंद. हा आकडा माझ्याच सल्ल्याच्या विरोधात जातो, कळतंय मला. तरीही खोटं नको.

माझा सख्खा भाऊ याच पायी माझ्याशी बोलेनासा झाला. तुरुंगातून सुटल्यावर मी विचारणाऱ्याला खरं सांगत गेलो, आणि ते फिरत फिरत त्याच्या ऑफिसात पोचलं. तो म्हणाला, तुझा खरेपणा आम्हाला महागात पडला. पडला असेल. सणावारी त्याची आठवण येते तेव्हा फार लागतं. पण मी लपवलं असतं तर जन्मभर कोणीतरी ओळखीचा दिसेल म्हणून धसका घेत जगलो असतो. मी केलं ते बरोबरच होतं. हे तुला सांगतोय की त्याला, कोण जाणे.

आणि एका गोष्टीचा मला रागच आला. आत सुतारकाम शिकलास, हे तू अर्ध्या ओळीत उरकलंस! अरे, तुरुंगातल्या कारखान्यात फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली असते. करवत करवतीच्या जागी, रंधा रंध्याच्या. संध्याकाळी मोजणी होते, आणि एक पटाशी कमी भरली तर ती सापडेपर्यंत कोणी हलत नाही. ती सवय माझ्या हातात बसली होती. माझ्या पहिल्या मालकाने आठवडाभर मला हत्यारं मोजून ठेवताना पाहिलं आणि किल्ल्या माझ्याकडे दिल्या. त्याला माझं सगळं ठाऊक होतं, मीच सांगितलेलं. तुझ्याही हाताला ती सवय असणार. ती सांग.

ओळखपत्राचं काम आधी उरक. सुटणाऱ्याला कागदपत्रं, राहायला जागा आणि काम मिळावं, असं कैद्यांना कसं वागवावं हे सांगणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांत लिहिलेलं आहे. पण नियमात लिहिलेलं आपोआप हातात पडत नाही, मागे लागावं लागतं.

मुलाखतीसाठी तीन वाक्यं पुरेत. काय झालं, शिक्षा कधी संपली, आता काय करता येतं. न्यायाधीश कसा होता, साथीदाराने कसं अडकवलं, यातलं काही नको. खरं असलं तरी नको. रविवारपर्यंत ती तीन वाक्यं लिहून मला पाठव. चौथं दिसलं तर खोडून परत पाठवीन.